मोठ्या रानाचा यात्रिक

(द्वितीय वर्ष, कला)

थोरांची चरित्रे वाचून आपल्याला काय मिळते, हा प्रश्न परीक्षेत आला तर त्याचे उत्तर आपल्या सर्वांना पाठ असते. स्फूर्ती मिळते, आदर्श मिळतो, वगैरे. मला मात्र एका चरित्राने माझे स्वतःचे खोटे पकडून दिले. ते चरित्र सांगायचे तर आधी ते खोटेही सांगितले पाहिजे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही पाच मित्र सायकली घेऊन गावामागच्या डोंगरावर निघालो होतो. डांबरी सडक पायथ्याशी संपते. तिथून वर पठारापर्यंत वनखात्याचा कच्चा रस्ता आहे. तांबडा मुरूम, मधूनच उघडे पडलेले दगड, पावसाने कापलेल्या चरी आणि दोन्ही बाजूंना दाट झाडी. त्या रस्त्याला दिवसातून एखादी जीप आली तर आली. आमच्यातल्या एकाने नुकतीच गिअरची सायकल घेतली होती. तिच्यावरून मी त्याची वाटभर चेष्टा केली. गिअर म्हणजे म्हाताऱ्यांची आणि मुलींची सोय. खऱ्या गड्याला एकच गिअर, तो म्हणजे मांडी, असे मी मोठ्याने म्हणालो. माझी सायकल आजोबांची, काळी, बावीस इंची. शेवटी पैज लागली. वरपर्यंत ज्याचा पाय जमिनीला लागेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

तिसऱ्या वळणावर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. उभ्याने पायडल मारता मारता मागचे चाक मुरमात जागच्या जागी फिरले आणि मी आडवा झालो. मित्र पुढे गेले होते. कोणी पाहिले नव्हते. मी उठलो, चेनला हात लावून बोटे काळी करून घेतली आणि ते परत आले तेव्हा सांगितले, चेन पडली. चेन तर आपल्या दात्यांवर मुकाट बसलेली होती! गिअरवाला मित्र लगेच खाली बसला. त्याने पिशवीतून पाना काढला, मागचे चाक ढिले केले, ओढून चेन ताणली, पुन्हा आवळले. चांगला अर्धा तास त्याचा त्यात गेला. मी बाजूला उभा राहून त्याला पाणी देत होतो. पैज रद्द झाली, कारण चेन पडणे हा काही माझा दोष नव्हता.

सुटीनंतर आमच्या भूगोलाच्या सरांशी बोलताना या सहलीचा विषय निघाला. खोट्याचा भाग अर्थातच वगळून! सर हसले आणि म्हणाले की, या गिअरसाठी फ्रान्समधला एक माणूस जन्मभर भांडला आहे, त्याच्याविषयी वाच. त्या माणसाचे नाव पॉल द व्हिव्ही. सायकलींच्या जगात मात्र तो ओळखला जातो त्याच्या टोपणनावाने, व्हेलोसिओ.

*

व्हेलोसिओंचा जन्म २९ एप्रिल १८५३ रोजी दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात पेर्न या गावी झाला. पुढे ते सेंत-एत्येन या शहरात स्थायिक झाले. हे शहर कोळशाच्या खाणी, बंदुकांचे कारखाने आणि रेशमी फितींचे माग यांसाठी प्रसिद्ध होते. व्हेलोसिओ रेशमाच्या व्यापारात शिरले आणि तिशीच्या आतच स्वतःची पेढी चालवू लागले. आयुष्य सुखासमाधानात, हिशेबाच्या वह्या भरण्यात गेले असते. परंतु १८८१ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी एक सायकल विकत घेतली.

ती आजच्यासारखी सायकल नव्हती. पुढचे चाक छातीएवढे उंच, मागचे अगदी लहान आणि पायडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले. अशा वाहनावर सहा तासांत शंभर किलोमीटर जाऊन दाखव, अशी एका मित्राने त्यांच्याशी पैज लावली. व्हेलोसिओ डोंगरातल्या ला शेझ-दिय या गावाच्या दिशेने निघाले आणि पैज जिंकले. मात्र त्या दिवशी पैजेहून मोठे काही त्यांच्या हाती लागले. झाडीतून वळणे घेत वर चढणारा रस्ता, डोंगरातली हवा, एका दमात ओलांडलेली गावे, हे सारे आपल्याच पायांच्या बळावर पाहता येते, हा शोध त्यांना लागला. म्हणजे त्यांच्याही कथेची सुरुवात पैजेनेच झाली. फरक एवढाच की, त्यांना पैजेनंतर रस्ता दिसला, आणि मला त्या दिवशी पैजेशिवाय काहीच दिसत नव्हते.

पुढे सायकलींच्या निमित्ताने ते इंग्लंडला जाऊन आले. कॉव्हेंट्री हे त्या वेळी सायकलींच्या धंद्याचे माहेरघर होते. १८८७ साली त्यांनी सेंत-एत्येनमध्ये सायकलींचे दुकान काढले आणि त्याच वर्षी एक मासिकही सुरू केले. त्या मासिकाचे नाव लवकरच 'ल सिक्लिस्त', म्हणजे 'सायकलस्वार', असे झाले. रेशमाचा धंदा त्यांनी सोडून दिला. चालता धंदा सोडून सायकलींच्या नादी लागणाऱ्या माणसाला त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय म्हटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. आपल्याकडेही बी.एस्सी.ची जागा सोडून बी.ए.ला आलेल्यांना तो अनुभव असतोच!

हे मासिक म्हणजे दुकानाची जाहिरात नव्हती. त्यात प्रवासवर्णने येत, कोणत्या रस्त्यावर किती चढ आहे याची माहिती येई, यंत्राच्या भागांची चिकित्सा असे, वाटेत काय खावे यावर वाद झडत. व्हेलोसिओ स्वतः एखादी नवी वस्तू आधी डोंगरात नेऊन वापरत आणि मग तिच्याबद्दल लिहीत. सायकलवरून स्वतःच्या आनंदासाठी प्रवास करण्याच्या या प्रकाराला फ्रेंच भाषेत जो शब्द आज रूढ आहे, तो घडवण्याचे श्रेय त्यांनाच देतात.

*

सेंत-एत्येन शहराच्या दक्षिणेला पिला नावाची डोंगररांग आहे. ती ओलांडून ऱ्होन नदीच्या खोऱ्यात उतरायचे तर एक खिंड लागते. तिचे एक नाव 'प्रजासत्ताकाची खिंड'. दुसरे नाव 'ग्रां बुआ', म्हणजे 'मोठे रान'. उंची ११६१ मीटर. शहर सुमारे ५०० मीटरांवर असल्यामुळे बारा-तेरा किलोमीटरांत साडेसहाशे मीटर चढावे लागते, आणि वरचा भाग सूचिपर्णी वृक्षांच्या गर्द रानातून जातो. त्या काळी अशा रस्त्यांवर डांबर नव्हते. उन्हाळ्यात धूळ, पावसात चिखल आणि बारा महिने खडी! हा चढ व्हेलोसिओंच्या घराच्या मागे होता असे म्हटले तरी चालेल. त्यांची प्रयोगशाळा हीच.

याच चढावरची एक हकीकत त्यांच्या चरित्रात नेहमी सांगतात. १८८९ सालची गोष्ट. तोवर मागच्या चाकाला चेनने ओढणारी, आजच्यासारखी दिसणारी सायकल आली होती, आणि व्हेलोसिओंनी 'ला गोलुआझ' नावाची आपली सायकलही बाजारात आणली होती. ते धापा टाकत खिंड चढत असता त्यांच्याच मासिकाचा एक तरुण वाचक तोंडात पाईप धरून, धूर सोडत, त्यांच्या बाजूने आरामात पुढे निघून गेला. एखाद्याला राग आला असता. एखादा दुसऱ्या दिवशी अधिक जोराने चढला असता. आणि माझ्यासारख्याने कदाचित चेनला हात लावून बोटे काळी केली असती. व्हेलोसिओंनी मात्र स्वतःला एक साधा प्रश्न विचारला. वय वाढणार, ताकद कमी होणार, चढ तर तेवढाच राहणार. मग बदलता येण्यासारखे काय आहे? उत्तर होते, दाते.

हे गणित कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही समजते. माझ्या सायकलीला पुढे ४४ दाते आहेत आणि मागे १८. मी ते मोजले. पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक जवळजवळ अडीच फेरे फिरते आणि सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे ठीक. पण उभ्या चढावर एका फेऱ्यात स्वतःचे वजन आणि सायकल साडेपाच मीटर ओढायची म्हणजे छाती फुटणारच. तेच पुढचे व मागचे दाते सारखे असते, तर एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच काटले जातील. फेरे जास्त मारावे लागतील, पण प्रत्येक फेरा हलका होईल. काम तेवढेच, ते लहान घासांनी खायचे, एवढाच बदल. मण भर ओझे एका खेपेत न्यायचे की तीन खेपांत, हे आपल्या हमालांना कोणी शिकवावे लागत नाही.

व्हेलोसिओंनी पुढे लहानमोठी दोन चक्रे बसवली आणि चेन हाताने एकीवरून दुसरीवर टाकण्याची सोय केली. मग दोनाचे चार वेग झाले. इंग्लंडमधून आलेल्या यंत्रांचाही त्यांनी अभ्यास केला. सेंत-एत्येनमधल्या कारागिरांना ते सतत टोचत राहिले, सुचवत राहिले. चालत्या सायकलीवर चेन एका चक्रावरून ढकलून दुसऱ्यावर नेणारे 'डिरेलर' हे यंत्र अशा अनेकांच्या हातून घडत गेले. या शब्दाचा मूळ अर्थच रुळावरून उतरवणारा! जोआनी पानेल या त्यांच्या सहकाऱ्याने तयार केलेला 'ल शमिनो' हा त्यातला एक गाजलेला नमुना. डिरेलर एकट्या व्हेलोसिओंनी शोधला असे म्हणणे बरोबर होणार नाही. परंतु तो वापरून पाहण्याचे, त्याचे दोष सांगण्याचे आणि लोकांना त्याची गरज पटवण्याचे काम त्यांच्याइतक्या चिकाटीने फारच थोड्यांनी केले.

*

पटवणे सोपे नव्हते. विरोधक साधासुधा नव्हता. आंरी देग्रांज हे त्या काळच्या फ्रेंच क्रीडा-पत्रकारितेतले मोठे नाव. 'टूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध शर्यत १९०३ साली सुरू झाली ती त्यांच्याच वर्तमानपत्रातर्फे. देग्रांज यांचे मत स्पष्ट होते. गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय. पुरुषाने चढ जिंकावा तो स्नायूंच्या बळावर, यंत्राच्या युक्तीने नव्हे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. शंभरावर वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एका बड्या संपादकाने मांडलेले मत मी, त्याचे नावही न ऐकता, आमच्या डोंगराच्या पायथ्याशी जसेच्या तसे बोललो होतो! अहंकाराला भाषांतराची गरज लागत नाही, हेच खरे.

व्हेलोसिओंनी वादाला उत्तर लेखणीने दिलेच, पण त्याहून बोलके उत्तर रस्त्यावर मिळाले. १९०२ साली फ्रान्सच्या 'टूरिंग क्लब'ने प्रवासी सायकलींची कसोटी पिरेनीज पर्वतात घेतली. तिथली तुरमाले ही खिंड २११५ मीटर उंच. त्या वेळचा तिथला रस्ता म्हणजे दगडगोट्यांची पायवाटच. या कसोटीत मार्त हेस नावाची एक स्त्री उतरली होती. तिच्याजवळ 'गोलुआझ' सायकल होती, आणि तिला गिअर होते. साऱ्या मार्गात तिने एकदाही जमिनीला पाय टेकवला नाही. आमच्या पैजेची अट हीच होती ना? ती अट मार्त हेसने, मी ज्याला मुलींची सोय म्हणून हिणवले त्याच गिअरच्या बळावर, सव्वाशे वर्षांपूर्वी, आमच्या डोंगराच्या कितीतरी पट उंचीवर पुरी केली होती.

तरीही देग्रांज यांचे मत बदलले नाही. त्यांच्या शर्यतीत डिरेलर चालत नसे. स्पर्धक मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे बसवून घेत आणि घाटाच्या पायथ्याशी व माथ्यावर खाली उतरून, चाक काढून, उलटे करून बसवत. गंमत अशी की, १९०३ च्या पहिल्याच शर्यतीचा मार्ग व्हेलोसिओंच्या त्या मोठ्या रानाच्या खिंडीवरूनच गेला होता. ज्या चढावर गिअरचा विचार जन्मला, त्याच चढावर जगातले नामांकित सायकलपटू गिअरवाचून कुंथत वर गेले!

*

व्हेलोसिओंना शर्यतींचा द्वेष नव्हता, पण त्यांचे मन तिथे रमत नसे. त्यांचे मन रमे ते लांबच्या प्रवासात. शनिवारी दुकान बंद करावे, कॅरिअरला कपड्यांची पिशवी बांधावी, रात्रीच खिंड ओलांडावी आणि उजाडताना ऱ्होनच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे, आपल्या जन्मप्रांताकडे चाक वळवावे, असा त्यांचा शिरस्ता. एका दमात तीनशे किलोमीटर आणि त्याहूनही अधिक अंतर ते काटत. साठीनंतरही काटत. त्यांच्याबरोबर त्यांच्या वाचकांचा मेळावा असे. त्या मंडळींना पुढे 'सेंत-एत्येनची शाळा' असे नाव पडले. या शाळेला इमारत नव्हती, फी नव्हती, हजेरीपट नव्हता. वर्ग रस्त्यावर भरे.

खडीच्या रस्त्यावर अरुंद, टणक टायर प्रत्येक दगडावर उडतो. त्या उडण्यात पायांची ताकद फुकट जाते आणि चाकाची पकड सुटते. रुंद टायरात हवा थोडी कमी ठेवली तर तो दगड पोटात घेतो. माझे मागचे चाक मुरमात का फिरले, हे मला इथे उमगले. सहलीच्या आधी मी पंपाने हवा भरभरून टायर दगडासारखा केला होता! व्हेलोसिओ रुंद टायरांचा पुरस्कार करीत. टायर, दाते, चाकांचा आकार, सगळ्यांवर त्यांचे प्रयोग चालत.

त्यांनी प्रवाशांसाठी सात नियम सांगितले. ते आजही सायकलवाल्यांत सांगितले जातात. त्यांचा आशय आपल्या शब्दांत सांगायचा तर असा. थांबावे थोडे आणि क्वचित, म्हणजे लय मोडत नाही. भूक लागायच्या आधी खावे, तहान लागायच्या आधी प्यावे. इतके दमू नये की अन्न गोड लागणार नाही आणि झोप येणार नाही. थंडी वाजण्याच्या आधी अंगावर घालावे, उकडण्याच्या आधी काढावे. प्रवासात मद्य, मांस आणि तंबाखू वर्ज्य. म्हणजे ज्या पाईपवाल्याने त्यांना गिअरचा धडा दिला, त्याचा पाईपही शेवटी नियमात बसला नाही! आपल्या ताकदीपलीकडे जोर करू नये, विशेषतः सुरुवातीच्या तासांत. आणि शेवटचा नियम, केवळ दिमाखासाठी पायडल मारू नये.

हा शेवटचा नियम मी पुन्हा पुन्हा वाचला. बाकीचे सहा शरीराचे आहेत; त्यांतला कुठलाही मोडला तर शरीर तिथल्या तिथे सांगते. सातवा मोडला तर सांगणारे कोणी नसते. आपणच आपल्याला सांगायचे असते, आणि नेमके तेच आपण टाळतो. व्हेलोसिओ स्वतः शाकाहारी होते, एस्पेरांतो या जागतिक भाषेचे पुरस्कर्ते होते, राहणी साधी होती. परंतु मला त्यांचे मोठेपण या सातव्या नियमात दिसते. धापा टाकताना कोणी पुढे गेले, हे त्यांनी लपवले नाही. आपण कमी पडलो हे मान्य केले आणि त्या कबुलीतून एक यंत्र घडवण्याचा ध्यास घेतला. मी मान्य केले नाही, आणि त्यातून फक्त एक खोटे घडले.

*

१९२२ पासून सेंत-एत्येनमध्ये त्यांच्या नावाने एक दिवस साजरा होऊ लागला. त्या दिवशी सायकलस्वार जमून मोठ्या रानाची खिंड चढत. स्वतः व्हेलोसिओंनी हा उत्सव पाहिला. २७ फेब्रुवारी १९३० रोजी, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, सेंत-एत्येनच्या रस्त्यावर त्यांना ट्रामची धडक बसली आणि त्यात त्यांचा अंत झाला. ते त्या वेळी सायकलीवर बसलेलेही नव्हते. रहदारीतून सायकल हाताने धरून चालले होते. ज्यांनी रात्री-बेरात्री रानातले घाट पार केले, त्यांना मृत्यूने गाठले ते शहरात, पायी चालताना!

टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. त्यानंतर गिअरवाचून ती शर्यत कोणी जिंकण्याची भाषाही केली नाही. आज जगभर खडीच्या, रानातल्या निर्जन रस्त्यांवर सामान बांधून दिवसेंदिवस सायकल चालवण्याची नवी हौस आली आहे. त्या सायकलींना रुंद टायर, हलके गिअर आणि चौकटीला बांधलेल्या पिशव्या असतात. नवी म्हणायची, पण व्हेलोसिओंची मंडळी हेच तर करीत होती. खिंडीच्या माथ्यावर, झाडांच्या सावलीत, आज त्यांचे स्मारक उभे आहे.

जानेवारीतल्या एका रविवारी मी एकटाच पुन्हा आमच्या डोंगरावर गेलो. सायकल तीच, आजोबांची. गिअरची घ्यायला पैसे नाहीत. टायरातली हवा मात्र थोडी कमी केली होती. तिसऱ्या वळणाच्या अलीकडेच उतरलो आणि सायकल हातात धरून चालू लागलो. तिथे रस्त्याकडेला पाण्याचा एक लहानसा झरा आहे आणि त्यावर वाकलेले जांभळाचे झाड आहे. दिवाळीत मी त्याच्या हाताच्या अंतरावरून गेलो होतो, आणि ते मला दिसले नव्हते.

राहता राहिला तो मित्र. त्याच्या तोंडावर सांगायचा धीर मला अजून झालेला नाही. पण हा अंक छापून आला की तो वाचणार, हे मला ठाऊक आहे. दरवर्षी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. तेव्हा इथेच सांगतो. त्या दिवशी चेन पडली नव्हती. मी पडलो होतो. पाच चहांचे पैसे माझ्याकडे येणे आहेत.